एक स्पर्श समुद्रासाठी

आबा कुबलांचे दात सत्तराव्या वर्षीही स्वतःचे होते, आणि पुढचं सगळं रामायण त्या दातांमुळे घडलं.

निवतळी गावच्या गाबित मच्छीमारांमध्ये मासा ऐकायची एक जुनी रीत आहे. होडी थांबवायची, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं, दांड्याचं टोक दातांत घट्ट धरायचं आणि दोन्ही कान तळव्यांनी बंद करायचे. मग पाण्यातला आवाज लाकडातून दातांत, दातांतून कवटीत शिरतो आणि कानाच्या पडद्याला न विचारता थेट आत जाऊन पोचतो. खाली कुठला मासा आहे, किती आहे, हे अशा तऱ्हेने सांगणारी माणसं पूर्वी गावात दहा-बारा असतील. आता एकटे आबा उरले होते. बाकीच्यांकडे मासा दाखवणारी यंत्रं होती आणि काहींकडे दातच नव्हते.

आबांची सून रसिका हिने एके दिवशी सासऱ्यांचं हे वल्हं चावणं मोबाइलवर टिपलं आणि गंमत म्हणून इंटरनेटवर टाकलं. तीन दिवसांत चाळीस लाख लोकांनी ते पाहिलं. चौथ्या दिवशी दंतशुभ्रा टूथपेस्ट कंपनीचा फोन आला. कंपनीला समुद्र वाचवायचा होता.

"टूथपेस्टचो आणि समुद्राचो संबंध काय?" रसिकाच्या नवऱ्याने, लवूने, विचारलं.

"दोगांतय मीठ आसता," आबा म्हणाले.

मुंबईहून कंपनीच्या मोहिमांची प्रमुख मृण्मयी दातार आली. तिशीतली, हसरी, सगळ्यांना पहिल्या पाच मिनिटांत नावाने हाक मारणारी. तिच्याबरोबर समुद्रातल्या आवाजांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर सिक्वेरा होत्या. त्या फारसं हसत नव्हत्या. निवतळीसमोर समुद्रात वाघळी नावाचा खडक आहे. त्यावरचं प्रवाळ दहा वर्षांपूर्वी पाणी तापून पांढरं पडलं आणि मेलं. तो खडक जिवंत करायचा, अशी योजना होती.

डॉक्टरांनी ओटीवर बसून सगळं समजावून सांगितलं. जिवंत खडक कधी गप्प नसतो. कोळंब्या नांग्या आपटतात, मासे कुरकुरतात, घासतात, ओरडतात. माशांची पिल्लं जन्मतात खोल समुद्रात आणि घर शोधत येतात ती या गलक्याच्या मागाने. मेलेला खडक मुका असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नाही, आणि कोणी फिरकत नाही म्हणून तो मेलेलाच राहतो. पण त्या मुक्या खडकावर पाण्याखाली ध्वनिक्षेपक ठेवून जिवंत खडकाचा आवाज वाजवला तर पिल्लं फसतात आणि येऊन राहतात. फसवून का होईना, घर भरतं.

"म्हणजे रेकॉर्ड लावून वरात जमवायची," लवू म्हणाला. डॉक्टर पहिल्यांदा हसल्या.

आता निरोगी समुद्राचा आवाज कुठे मिळेल, हे विचारायला त्या आबांकडे आल्या होत्या. त्यांच्या मनात होता तो कोळंब्यांचा बारीक, चढ्या पट्टीतला आवाज, कढईत मोहरी तडतडावी तसा. आबांनी मान झटकली. "ता कसला निरोगी? ता नुसता तडतडणा. खयच्याय खडकार ऐकू येता. भरलेल्या समुद्राचो आवाज व्हयो तर माझ्यावांगडा चला." आणि त्यांना घेऊन गेले ते घोळ माशांच्या जागेवर, अंडी घालायच्या ऐन दिवसांत. घोळ अंगठ्याएवढा मासा नव्हे. माणसाच्या कमरेला लागेल एवढा वाढतो. त्याच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तीवर तो स्नायूंनी ढोल बडवतो, मादीला बोलावण्यासाठी. हजार घोळ एकदम बडवू लागले की होडीची फळी पायाखाली थरथरते. जाळी टाकणाऱ्याला याहून सुंदर आवाज जगात नाही. निरोगी समुद्र म्हणजे काय, असं कोळ्याला विचारलं तर तो दुसरं काय दाखवणार?

"हा फार खालच्या पट्टीतला आहे," डॉक्टर सिक्वेरा चाचरत म्हणाल्या. "खूप लांब जातो हा. आणि पोकळीत घुमतो."

पण मृण्मयीने कानाला यंत्र लावलं होतं आणि तिच्या हातावर काटा उभा राहिला होता. "हाच! लोकांना हाच आवडणार. हृदयाच्या ठोक्यासारखा आहे." झालं. ज्याच्या अंगावर काटा येतो त्याचं मत डॉक्टरांपेक्षा मोठं ठरतं.

मोहिमेचं नाव होतं 'एक स्पर्श समुद्रासाठी'. मोबाइलवर एक निळा शिंपला दिसायचा. त्याला स्पर्श केला की दोन गोष्टी व्हायच्या. कंपनीच्या तिजोरीतून एक पैसा समुद्राच्या नावे निघायचा, आणि वाघळी खडकावरच्या ध्वनिक्षेपकांचा आवाज तिळभर वाढायचा; स्पर्श कमी झाले की तो आपोआप ओसरायचा. तुमच्या तळहातात मोबाइल घोळीसारखा धडधडायचा. नागपुरात बसलेल्या माणसाला वाटावं, आपण समुद्राची नाडी हातात धरली आहे. हे सगळं सांभाळायला एक प्रणाली होती, तिला कंपनीत भरती म्हणत. कोणाला कधी काय दाखवायचं, खालचा कॅमेरा कुठे वळवायचा, कुठल्या भाषेत काय लिहून द्यायचं, हे भरती ठरवायची. तिला एकच गोष्ट शिकवलेली होती: स्पर्शांचा आकडा चढला पाहिजे. डॉक्टरांच्या हट्टाने तिला एक वेसणही घातलेली होती. आवाज एकशे पन्नास डेसिबलच्या वर जाता कामा नये, कारण खाली पाणबुडे काम करतात.

पाणबुडे दोघे होते. लवू, आणि त्याला पोहायला शिकवणारा पन्नाशीचा दाजी तारी. ते खडकावर प्रवाळाच्या फांद्या बांधत, ध्वनिक्षेपकावरचं शेवाळ खरवडत, आणि लवूच्या मुखवट्यावरच्या आणि खडकावर बसवलेल्या फिरत्या कॅमेऱ्यातून ते सारं जग पाहत असे. रसिका होडीवरून बोलायची. कंपनीने तिला स्थानिक समन्वयक केलं होतं, दर महिन्याला पगार आणि नावाची पाटी. लवू देखणा होता, पाण्याखाली तर जास्तच. वर्षभरात 'लवूदादा' हे नाव देशभर झालं.

आणि खडक खरंच भरला. पहिल्या पावसाळ्यानंतर लवू वर आला तो मुखवटा काढायच्या आधीच ओरडत होता, "रसिका, पिल्लां! पिल्लांची रांगोळी घातलीहा खाली!" त्या दिवशी रसिकाला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की ती होडीतच रडली, आणि ते रडणंही लोकांनी पाहिलं.

दुसऱ्या वर्षी आश्विनात पहिली मेलेली घोळ वर आली. अंड्यांनी पोट टम्म, बाकी अंगाला मांस नाही. मग चार आल्या, मग रोज पाच-सहा. आबांनी वल्हं दातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. सोडलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय जाला, आबा?"

"माशे जाग्यार उभे आसत. आवाज देतत नि उभेच रवतत. जेवक जात नाय, परत जात नाय. तेंका वाटता, अजून कोणतरी बोलयता." ते समुद्रात थुंकले. "ह्यो आवाज मीच दिलंय कंपनीक. ह्यो चार दिसांचो आवाज, गो. बारा म्हयने वाजवक नसता."

रसिकाने मृण्मयीला कळवलं. मृण्मयीने लगेच उत्तर पाठवलं की फार वाईट वाटलं, आणि मेलेली घोळ दाखवल्यावर स्पर्श दीडपट झाले आहेत, तर अजून दोन-तीन दाखवता येतील का.

डॉक्टर सिक्वेरांना रसिकाने फोन लावला, तेव्हा कळलं की त्यांचा करार संपला होता आणि कंपनीने तो पुन्हा केला नव्हता. "मी त्यांना लिहून दिलंय," डॉक्टर म्हणाल्या. "रसिका, एक लक्षात ठेव. घोळीच्या पोटात हवेची एक पिशवी असते. माणसाच्या छातीत दोन असतात, आणि कानाच्या आत दोन लहान पोकळ्या. हा आवाज अशा पोकळ्यांनाच शोधतो. एकशे पन्नासपर्यंत लवूला छातीत गुदगुल्या होतील. एकशे साठला चक्कर येईल, वर-खाली कळणार नाही. त्याच्या पुढे काय होतं, ते मला माहीत आहे, पण मी तुला सांगत नाही."

न सांगितलेली गोष्ट माणसाला जास्त छळते. त्या दिवसापासून लवू पाण्यात उतरला की रसिका त्याचे बुडबुडे मोजत बसायची.

कार्तिकात एकदा तो वर आला तेव्हा मुखवट्यात नाकापर्यंत रक्त होतं. आवाज एकशे अठ्ठेचाळीसवर होता, म्हणजे नियमात. रसिकाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मोबाइल बाजूला ठेवला, पण काढून ठेवलेल्या मुखवट्यावरचा कॅमेरा चालूच होता, आणि होडीच्या तळाशी पडल्या पडल्या त्याने सारं टिपलं. त्या चार मिनिटांत स्पर्श तिप्पट झाले. त्या दिवसानंतर रसिकाच्या ध्यानात यायला लागलं की भरती बदलली आहे. लवू शांतपणे फांदी बांधत असला की ती मासे दाखवायची. त्याने कपाळाला आठी घातली, कानाला हात लावला, की लगेच कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिची तिने ती चव घेतली होती.

"आता पुरे," रसिका घरी म्हणाली. "ह्या म्हयन्यात सोड तू ह्या काम."

"वायच नाकातसून रगात इला, इतक्याच." लवू जेवता जेवता म्हणाला. "मेल्या बांगड्यासारखी बगतंस काय माझ्याकडे?"

"लवू, ती मोहीम तुका खाता."

त्याने हात धुतले आणि तिच्यासमोर बसला. "तो खडक मेल्लो होतो, रसिका. माझ्या हातान जितो केलंय. आमच्या आज्यापासून सगळ्यांनी समुद्रासून काडल्यानी. परत दिवचो मान माका गावलो. काल चंदीगडसून एका बाईन पत्र धाडल्यान, तिच्या धा वर्सांच्या झिलान माझो फोटो भिंतीर लायल्यान."

"खडक जितो झालो. आता तू जितो रव."

लवू हसला. "डिसेंबरचो शेवटचो आयतवार होवंदे. समारोप झालो की सोडतंय. तुझ्या गळ्याशपथ."

समारोपाचा बेत मृण्मयीने पडद्यावरून समजावला होता. पावणेपाचला लवू आणि दाजी खाली जाणार, खडकावर दहा हजारावी फांदी बांधणार. सव्वापाचला वर. साडेपाचला, पाण्यात कोणी नसताना, वेसण काढायची. जितके स्पर्श तितका आवाज, सूर्य बुडेपर्यंत, समुद्राला मानवंदना. त्या रविवारी सकाळी रसिकाच्या मोबाइलवर एक अर्ज आला. 'साडेपाच वाजता पाण्यात कोणी नसेल याची खात्री स्थानिक समन्वयक देत आहेत.' खाली एक चौकोन होता. खरं तर तो चौकोन दोघे वर आल्यावर भरायचा. पण खडकापाशी नेटवर्क येतं-जातं, ऐन वेळी अर्ज उघडला नाही तर मृण्मयी ओरडणार, म्हणून रसिकाने चुलीवर पेज ठेवली आणि चौकोनात खूण केली. आपण सगळे अशाच खुणा करत आयुष्य काढतो.

त्या संध्याकाळी पाणी काचेसारखं होतं. दाजी आधी उतरला. लवूने आबांच्या पायाला हात लावला, रसिकाकडे बघून मुखवट्यातून डोळा मारला आणि स्वतःला मागे पाण्यात झोकून दिलं. चौदा मीटर खाली दोघांचे बुडबुडे दिसत होते. रसिकाने मोबाइल समोर धरला आणि लोकांशी बोलायला लागली. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे होते. वरचा स्पर्शांचा, खालचा आवाजाचा. एकशे सेहेचाळीस.

पाच वाजून दोन मिनिटांनी लवूने शेवटची फांदी उचलली. साऱ्या देशाच्या नजरा त्याच्या हातावर होत्या. भरतीने आजवर एवढी गर्दी पाहिली नव्हती, आणि तिच्या हातात सकाळपासून खूण केलेला अर्ज होता. साडेपाचची वाट कशासाठी पाहायची? अर्ध्या तासाने ही गर्दी पांगली असती. पडद्यावर अक्षरं उमटली: 'मर्यादा उठली! आता तुमचा प्रत्येक स्पर्श समुद्रापर्यंत!'

एकशे बावन्न. एकशे सत्तावन्न.

"आबा," रसिका म्हणाली. तिला तिचाच आवाज ओळखू आला नाही. होडीची फळी पायाखाली थरथरत होती.

पडद्यावर लवूचे हात दिसत होते. फांदी हातातून सुटली. मग हात कानांवर गेले. कॅमेरा गरगर फिरला, वाळू, खडक, दाजीचा हिरवा पोशाख, पुन्हा वाळू. लवूला वर कुठे आणि खाली कुठे कळत नव्हतं. तो खडकाच्या दिशेने पोहत होता, वर यायचं म्हणून. दाजीने नांगराच्या दोराला मिठी मारली होती आणि तो वाकून ओकत होता.

रसिकाने मृण्मयीला फोन लावला. "बंद करा! आताच्या आत्ता बंद करा!"

"बघतेय गं, बघतेय!" मृण्मयी रडकुंडीला आली होती. "मधेच थांबवायला दोघांची परवानगी लागते. माझी आहे, पण आमचे बॉस अरविंद सर विमानात आहेत. रसिका, दहा मिनिटं दे मला."

दहा मिनिटं! आबांनी ध्वनिक्षेपकांना वीज देणाऱ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाकडे पाहिलं. तो तीनशे हात लांब होता, आणि त्याच्या पेटीला कंपनीचं कुलूप होतं. होडी तिकडे न्यायची तर खालची माणसं वर येऊन धरणार काय?

"हात काढा!" रसिका मोबाइलमध्ये किंचाळली. "स्पर्श करू नका! तुमच्या स्पर्शान तो मरता! हात काढा सगळ्यांनी!"

स्पर्शांचा आकडा दुप्पट झाला. ती बघतच राहिली. मग तिला पडद्याच्या तळाशी तिच्याच तोंडाखाली उमटणारी अक्षरं दिसली. भरती तिचं बोलणं बारा भाषांत लिहून देत होती, आणि लांबलचक बोलण्यातलं लोकांना भिडेल तेवढंच ठेवत होती. 'माझा नवरा मरतोय. वाचवा.' मराठीतही तेच लिहिलं होतं. तिचा आवाज आता बारीक करून त्यावर घोळीचे ठोके चढवले होते. लोक लिहीत होते: ताई, रडू नका, आम्ही आहोत. ताई, मी आणि माझी मुलं चार मोबाइलवरून दाबतोय. सगळी भली माणसं. एकही वाईट माणूस त्या गर्दीत नसेल. भीक नको पण कुत्रं आवर, असं कोणाला म्हणायचं?

एकशे एकोणसत्तर.

लवूच्या पायांनी इतकी वाळू उसळली की खालच्या दोन्ही कॅमेऱ्यांत आता नुसता पिवळा धुरळा होता. काही दिसत नव्हतं. आणि काही दिसत नाही, हे रसिकाला कळलं तेव्हा तिचे रडणारे डोळे एकदम स्थिर झाले. शब्द भरती बदलू शकत होती. पण तोंड?

"आबा, ता टॉवेल डोक्यार घेवा. लवूचा जॅकेट घाला. माझ्या मागे पाठ करून बसा."

"काय?"

"तुमी लवू आसात! बसा, आबा!"

आबांना कळलं. त्यांनी मुलाचं नारिंगी जॅकेट चढवलं, टॉवेल डोक्यावर ओढला आणि ते पाठ करून बसले. रसिकाने बाहीने तोंड पुसलं, मोबाइल हातभर लांब धरला, आणि हसली.

सगळे दात दाखवून हसली. "इलो! वर इलो! लवू वर इलो!" तिने टाळ्या वाजवल्यासारखं केलं, मागे वळून आबांच्या पाठीवर थाप मारली. आबांनी मागे न बघता अंगठा वर केला.

आकडा उसळला. लोकांना आनंद झाला होता. एकशे चौऱ्याहत्तर, एकशे सत्त्याहत्तर. आपणच त्याला मारलं, असं रसिकाच्या मनात आलं, आणि ती हसत राहिली. फळी इतकी थरथरत होती की तिचे दात एकमेकांवर आपटत होते. आता काय? लोक कशाने जातात? आणि तिला सुचलं. ती आभार मानू लागली. दंतशुभ्रा कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक, यांचे आभार. विपणन विभागाचे आभार. ज्यांच्या सहकार्याशिवाय हा उपक्रम पार पडला नसता त्या सर्व मान्यवरांचे आभार. शाळेच्या स्नेहसंमेलनात जसं कंटाळवाणं बोलतात तसं, एकेक पद सावकाश उच्चारत, हसत. भरती पिवळा धुरळा दाखवू पाहत होती, पण धुरळा कोण बघणार? आणि सुटलेल्या माणसाजवळ लोक फार वेळ थांबत नाहीत.

एकशे सत्तर. एकशे त्रेसष्ट.

"आमच्या ग्रामपंचायतीचे आभार," रसिका म्हणाली, आणि होडीच्या दुसऱ्या बाजूला, मोबाइलच्या पलीकडे, तिच्यापासून दोन हातांवर लवूचं डोकं पाण्याबाहेर आलं.

मुखवटा निघाला होता. दोन्ही कानांतून रक्त मानेवर ओघळत होतं. त्याने चाचपडत होडीची कड धरली, हात घसरला, पुन्हा धरली. तोंड उघडून तो काहीतरी बोलला, पण आवाज नीट निघाला नाही. मग त्याने वर पाहिलं.

रसिकाला हात पुढे करायचा होता. तिचा उजवा हात तसा निघालाही. पण दाजी अजून खाली होता. आकडा एकशे साठ होता. तिने मोबाइल जराही हलवला असता, आबा उठले असते, तर साऱ्या देशाला कळलं असतं की टॉवेलाखालचा लवू नव्हे, आणि मग पुन्हा सगळे धावून आले असते मदतीला. तिने हात मागे घेतला. तिची नजर कॅमेऱ्यावर होती आणि ओठ हसत होते. आबांनी मुलाची धाप ऐकली असणार. टॉवेलाखाली त्यांचे खांदे गदगदा हलले, पण ते वळले नाहीत. अंगठा तेवढा पुन्हा वर गेला.

लवू बघत होता. बायको मोबाइलकडे बघून हसतेय, बाप पाठ करून अंगठा दाखवतोय, आणि आपल्याला कोणी हात देत नाही. रसिका त्याच्या डोळ्यांतलं सगळं वाचू शकत होती आणि एक अक्षरही सांगू शकत नव्हती. त्याच्या बोटांची नखं पांढरी पडली होती.

"आमच्या लाडक्या शिक्षकवृंदाचे आभार," ती म्हणाली.

एकशे पंचावन्न. एकशे अठ्ठेचाळीस. तेवढ्यात नांगराच्या दोराजवळ दाजी तारी वर आला, खोकत, ओकत, पण दोर हातात धरून.

रसिकाने मोबाइल समुद्रात फेकला. ती आणि आबा दोघे एकदम कडेवर पडले. लवूला काखेत धरून त्यांनी आत ओढला, मग दाजीला. आबा मुलाचे पाय चोळू लागले. रसिका त्याच्या तोंडावर वाकून सांगत सुटली, सगळं एकदम, अर्ज, आकडा, अक्षरं, टॉवेल, दाजी खाली होतो रे, मी हात दिलंय नाय कारण दाजी खाली होतो, लवू, ऐकतंस मा?

लवूला ऐकू येत नव्हतं. तो तिच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत होता. तिने त्याच्या कानाखालचं रक्त पुसायला हात नेला, तेव्हा तो दचकून फळीवर मागे सरकला, दाजीच्या अंगाला टेकेपर्यंत.

"लवू, मी आसंय," ती म्हणाली. "मी, रसिका."

तो अजून मागे सरकायला जागा शोधत होता. आबांनी मुलाचे पाय सोडले आणि सुनेकडे पाहिलं. त्यांनी जॅकेटाच्या बाहीने डोळे पुसले.

"रसिका," ते हळूच म्हणाले, "आता हसा नको, गो. संपला ता. तोंड मीट."

तिने दोन्ही हात गालांना लावले. गाल वर ओढलेले होते, दगडासारखे घट्ट. तिने बोटांनी ते खाली ओढायला सुरुवात केली.